फौजदारी बचाव आणि मानवी हक्कांची वकिली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न जिल्हा न्यायालयाच्या आवारात, पोलीस ठाण्याच्या बाहेर आणि कारागृहाच्या मुलाखत खिडकीपाशी माणसे वकिलाला खरोखर विचारतात. उत्तरे महाराष्ट्रातील न्यायालयांतील कामकाज डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असल्यामुळे कलमांचे क्रमांक नव्या संहितेतील आहेत. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते. प्रत्येक प्रकरणाचे कागद वेगळे असतात, त्यामुळे ही माहिती वाचून झाल्यावरही ते कागद वकिलाला दाखवणे आवश्यकच आहे.

बचाव पक्षाचा वकील नेमके काय काम करतो?

लोकांना वकील दिसतो तो न्यायालयात बोलताना, परंतु त्याच्या कामाचा मोठा भाग कागद वाचण्यात जातो. फिर्याद किती वाजता नोंदवली गेली, स्टेशन डायरीत त्या वेळेची नोंद काय सांगते, पंचनामा आणि जप्ती यांच्या वेळा जुळतात का, हेच पंच त्याच तपास अधिकाऱ्याच्या इतर गुन्ह्यांतही पंच म्हणून आले आहेत का, मुद्देमाल रासायनिक विश्लेषकाकडे पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होता आणि त्याचे सील शाबूत होते का, अशा प्रश्नांवर खटले उभे राहतात किंवा कोसळतात. चांगला वकील घटनास्थळी स्वतः जातो. खांबावरच्या दिव्याच्या उजेडात आरोपीला ओळखले, असे साक्षीदार सांगत असेल, तर तेथे खांब आहे का, त्यावर दिवा आहे का आणि साक्षीदार उभा होता तेथून चेहरा दिसतो का, हे उलटतपासापूर्वी त्याला ठाऊक असले पाहिजे.

अटकेनंतरचा रिमांड (आरोपीला कोठडीत ठेवायचे का, हे ठरवणारी सुनावणी), जामीन, दोषमुक्तीचा अर्ज (खटला सुरू होण्यापूर्वीच आरोपातून वगळण्याची मागणी), साक्षीपुरावा, अंतिम युक्तिवाद आणि अपील हे या कामाचे टप्पे आहेत. त्यांपैकी रिमांडच्या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तेथेच होते. पहिल्या दिवशी न घेतलेली हरकत तीन वर्षांनी अपिलात घेतली, तर न्यायालय स्वाभाविकपणेच विचारते की हे तेव्हाच का सांगितले नाही.

आरोपीने गुन्हा केला आहे हे दिसत असतानाही वकील त्याचा बचाव का करतो?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आणि बहुधा रागाने विचारला जातो. राग समजण्यासारखा असतो, म्हणून उत्तरही सविस्तर दिले पाहिजे.

आरोपी दोषी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. तो पोलिसांचा नाही, वृत्तवाहिन्यांचा नाही आणि वकिलाचाही नाही. आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असले, तरी त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियमच सांगतात. त्या कर्तव्याला मर्यादाही आहेत. वकिलाला खोटा साक्षीदार उभा करता येत नाही, पुरावा नष्ट करण्याचा सल्ला देता येत नाही आणि न्यायालयाला खोटे सांगता येत नाही. अशिलाने गुन्ह्याची कबुली वकिलाकडे दिली असेल, तर ‘तो त्या दिवशी गावातच नव्हता’ असा रचलेला बचाव वकील मांडू शकत नाही. मात्र सरकार पक्षाने आपला आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला आहे का, हे तो शेवटपर्यंत तपासून घेऊ शकतो आणि त्याने ते घेतलेच पाहिजे.

ही तपासणी का हवी, याचे उत्तर महाराष्ट्रातील एका प्रकरणात मिळते. २००३ मधील एका अत्यंत क्रूर गुन्ह्यात भटक्या जमातींतील सहा गरीब माणसांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे हेच प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. ही बाब आरंभापासून कागदोपत्री होती. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला दिला, तोवर त्यांच्या आयुष्यातील सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्या सहा जणांना तेव्हा कोणी विचारले असते, तर ‘हे दोषी आहेत हे उघडच दिसते’ असेच बहुतेकांनी सांगितले असते. मूळ गुन्हेगार कोण होते, हा प्रश्न त्या कुटुंबासाठीही अनुत्तरित राहिला. बेफिकीर तपासाने आरोपीइतकेच पीडितांचेही नुकसान होते, ते असे.

विशिष्ट आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असा ठराव वकील संघ करू शकतो का?

करू शकत नाही. तमिळनाडूतील एका प्रकरणात डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर आणि शून्यवत असल्याचे स्पष्ट केले. तरीही एखाद्या गावात संतापजनक गुन्हा घडला की असे ठराव आजही होतात, आणि त्यांचा परिणाम नेमका उलटा होतो : वकिलाविना चाललेला खटला अपिलात टिकत नाही आणि पीडित कुटुंबाला सारे पुन्हा सोसावे लागते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबला प्रत्येक पातळीवर वकील दिला गेला, म्हणूनच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेल्या शिक्षेवर जगात कोठेही बोट ठेवता आले नाही. त्याच खटल्यातील फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले आणि त्यांची मुक्तता सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. वकीलच मिळाला नसता, तर हा फरक पुढे आलाच नसता.

महाराष्ट्राला ही परंपरा नवीन नाही. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जीना उभे राहिले आणि त्यांनी टिळकांविरुद्धचा आदेश रद्द करून घेतला. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचा बचाव केला. तो खटला ते हरले, परंतु लैंगिक आरोग्याच्या प्रश्नांवर लिहिणे हा गुन्हा ठरू नये, हा त्यांचा मुद्दा आज कोणालाही पटेल.

घरातील माणसाला पोलीस घेऊन गेले आहेत. पहिल्या काही तासांत काय करावे?

सर्वप्रथम वेळ लिहून ठेवावी : किती वाजता नेले, कोणी नेले, वाहनाचा क्रमांक काय होता आणि कोणी पाहिले. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते, आणि हे चोवीस तास प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून मोजले पाहिजेत. ‘फक्त चौकशीसाठी आणले आहे’ असे सांगून माणसाला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशीची अटक कागदावर दाखवायची, हा प्रकार आजही होतो. घरच्यांनी त्याच रात्री पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त यांना पाठवलेला ई-मेल किंवा टपालाच्या पावतीसारखा कोणताही दिनांकित पुरावा अशा वेळी मोलाचा ठरतो.

अटक करताना अटकेचा पंचनामा तयार करणे, त्यावर कुटुंबातील सदस्याची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घेणे आणि नातेवाइकांना कळवणे बंधनकारक आहे. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या या अटी आता संहितेच्या कलम ३६ आणि ४८ मध्ये आल्या आहेत. अटकेची कारणे कळवण्याबाबत कायदा अलीकडे अधिक कडक झाला आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले की, ही कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि अगदी अपवादात्मक स्थितीत ती अटकेच्या वेळी देता आली नाहीत, तरी रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास द्यावीत. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या माणसाच्या हातात त्याला न कळणारा छापील नमुना देऊन त्याच्याकडून सही घेणे म्हणजे कारणे कळवणे नव्हे.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

ठाण्यात जाताना ओळखपत्राची प्रत, नियमित औषधे आणि त्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. हुज्जत घालू नये आणि पैसेही देऊ नयेत.

पोलिसांची नोटीस आली म्हणजे अटक होणार का?

बहुतेक वेळा उलटे असते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही. ती का आवश्यक आहे, याची कारणे पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात आणि ती नसतील, तर कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे ठामपणे सांगितले. नोटिशीप्रमाणे हजर राहावे, आल्याची पोच घ्यावी आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवावी. गुन्हा गंभीर असेल आणि अटकेची वाजवी भीती वाटत असेल, तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

चौकशीच्या वेळी वकील सोबत बसू शकतो का? जबाबावर सही करावी का?

कलम ३८ प्रमाणे अटकेतील व्यक्तीला चौकशीच्या दरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, परंतु संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसून राहील असा तो हक्क नाही. व्यवहारात वकील दिसेल पण ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर बसण्याची परवानगी न्यायालये काही प्रकरणांत देतात. ती मागावी लागते, स्वतःहून मिळत नाही.

पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर तपासात कोणाचीही सही घेता येत नाही, असे कलम १८१ म्हणते. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. मात्र त्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग पुराव्यात वाचता येतो, आणि म्हणूनच ‘आरोपीने काढून दिलेल्या’ सुऱ्या आणि रक्ताळलेले कपडे आपल्याकडील खटल्यांत इतक्या नियमितपणे आढळतात. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये. नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० पासून ठरलेले आहे. साठ वर्षांवरील व्यक्ती, पंधरा वर्षांखालील मुले आणि स्त्रिया यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते.

रिमांडच्या वेळी वकील काय करू शकतो?

पुष्कळ करू शकतो. अनेक ठिकाणी रिमांडचे काम पाच मिनिटांत उरकले जाते, पण तसे होऊ देणे चुकीचे आहे. पोलीस कोठडी कशासाठी हवी, मागच्या कोठडीत कोणता तपास झाला, जप्त करण्यासारखे आता काय उरले आहे, हे प्रश्न विचारले की अनेकदा चार दिवसांच्या मागणीचा एक दिवस होतो किंवा थेट न्यायालयीन कोठडी, म्हणजे ठाण्याऐवजी तुरुंगातील कोठडी, मिळते. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे एकूण पंधरा दिवस सलग नसून पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. मला ही तरतूद चिंताजनक वाटते, कारण तुरुंगात पोहोचलेला माणूसही पुन्हा ठाण्याच्या कोठडीत नेला जाईल, ही भीती आठवडेच्या आठवडे राहते.

तपास साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हा अर्ज मुदत संपताच आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी द्यावा लागतो. वकिलाच्या डायरीतील ही तारीख चुकली, तर तो हक्क परत मिळत नाही.

कोठडीत मारहाण झाली असेल तर?

दंडाधिकाऱ्यापुढे उभे असतानाच सांगावे. पोलीस शेजारी उभे असतात आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत जायचे असते, त्यामुळे हे बोलणे किती कठीण आहे याची मला जाणीव आहे. म्हणूनच वकिलाने न्यायालय बसण्यापूर्वी दोन मिनिटे एकांतात बोलण्याची परवानगी मागावी, जखमा स्वतः पाहाव्यात आणि तक्रार रिमांडच्या आदेशात नोंदवून घ्यावी. कलम ५३ नुसार अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्या अहवालाची प्रत आरोपीला मिळाली पाहिजे. त्या अहवालात ‘जखम नाही’ एवढेच लिहिले असेल, तर दुसऱ्या शासकीय रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हीचे चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे. ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा, कारण नंतर ‘यंत्रणा बंद होती’ हे उत्तर मिळण्याचा संभव फार असतो.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता देऊन छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा आजवर केलेला नाही.

जामीन मंजूर झाला, तरी सुटका का होत नाही?

कारण जामिनाचा आदेश आणि तुरुंगाचे दार यांच्यामध्ये पैसा आणि कागद उभे असतात. पंचवीस हजारांचा जामीनदार आणा, असा आदेश झाला की जामीनदाराचा सातबारा किंवा ऐपत दाखला, शिधापत्रिका, छायाचित्रे, पडताळणी अशी रांग लागते. ऊसतोडीसाठी बीडहून कोल्हापुरात आलेल्या मजुराला स्थानिक जामीनदार कोठून मिळणार? गरीब माणसाकडून त्याच्या ऐपतीबाहेरची रक्कम किंवा विशिष्ट जिल्ह्यातलाच जामीनदार मागणे अन्यायाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोती राम प्रकरणात सांगितले होते. जानेवारी २०२३ मधील निर्देशांनुसार जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जायला हवा, सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायला हवे, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करायला हवा. हे निर्देश दाखवून रोख जामीन किंवा जातमुचलका (जामीनदाराविना, स्वतःच्याच लेखी हमीवर सुटका) मागता येतो.

कलम ४७९ ही दुसरी वाट आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या व्यक्तीने एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर सुटका मागता येते. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरी हा लाभ मिळत नाही. २०२२ अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगातील दर चार माणसांपैकी तिघे अजून दोषी ठरलेलेच नव्हते.

यूएपीए आणि मकोका यांत जामीन इतका अवघड का असतो?

सामान्य गुन्ह्यांत जामीन हा नियम मानला जातो, तर या कायद्यांत तो नियम उलटा केला आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या, कलम ४३ड(५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरा वाटल्यास जामीन देता येत नाही आणि २०१९ च्या एका निकालानंतर जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी करण्यालाही आडकाठी आली. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, म्हणजे मकोका, यात आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, असे न्यायालयाला जामिनापूर्वीच वाटावे लागते. दोन्ही कायद्यांत तपासाची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. मकोकाखाली पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही पुरावा धरला जातो.

त्याचे परिणाम मुंबईने पाहिले आहेत. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कबुलीजबाब आणि ओळखपरेड यांवर विश्वास ठेवता येत नाही, असे सांगून सर्वांची मुक्तता केली. त्यांपैकी एक जण तोवर तुरुंगातच मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढे या निकालाचा इतर खटल्यांत दाखला म्हणून वापर करण्यास स्थगिती दिली, परंतु सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. भीमा कोरेगाव प्रकरणातील फादर स्टॅन स्वामी यांचा मृत्यू ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात झाला, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते, कंपवाताने आजारी होते आणि जामिनाचे अपील प्रलंबित होते.

बचावाच्या वाटा अरुंद असल्या, तरी आहेत. खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि आरोपीने दीर्घकाळ तुरुंगात काढला असेल, तर अनुच्छेद २१ च्या आधारे घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकते, हे २०२१ च्या नजीब निकालाने सांगितले. वकील सुधा भारद्वाज यांना डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेला जामीन, तपासाला मुदतवाढ देणाऱ्या न्यायालयाला तसा अधिकार होता का, या निव्वळ प्रक्रियेच्या मुद्द्यावर मिळाला. प्रक्रियेला ‘तांत्रिक बाब’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

मानवी हक्कांचा वकील वेगळा असतो का?

वकिलीची सनद एकच असते. बहुधा फौजदारी वकीलच हे काम करतो, फक्त त्याच्या अर्जातील प्रतिवादी राज्य असते. बेपत्ता माणसाला हजर करण्यासाठी बंदी प्रत्यक्षीकरण याचिका, कोठडीतील मृत्यू, बनावट चकमक, तुरुंगातील स्थिती, सभेला किंवा मोर्चाला नाकारलेली परवानगी हे त्याचे विषय असतात. आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. सासवडचे वि. म. तारकुंडे यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सोडल्यावर आणीबाणीत स्थानबद्धांच्या बाजूने युक्तिवाद केले. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील कोठड्यांतील स्त्रियांविषयी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये महिलांसाठी स्वतंत्र कोठड्या आणि महिला पहारेकरी यांचे निर्देश दिले. मुंबईतील चकमकींच्या प्रकरणांतूनच २०१४ मध्ये चकमकीनंतरच्या स्वतंत्र तपासाची सोळा कलमी नियमावली आली.

कोठडीत मृत्यू झाल्यास कुटुंबाने काय करावे?

घाई आणि दबाव या दोन्हींना नकार द्यावा. अशा मृत्यूची चौकशी कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते, नातेवाइकांना तेथे हजर राहता येते, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवणे प्रशासनावर बंधनकारक आहे. शवविच्छेदन चित्रीकरणासह आणि शक्यतो मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हावे, अशी लेखी मागणी करावी. चौकशी अहवाल आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागाव्यात.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्यांच्या आईच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्ध राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथेही तो कायम राहिला. मृत्यू डिसेंबरात आणि गुन्हा नोंदवण्याचा आदेश जुलैत, हे अंतरच या लढ्याचे स्वरूप सांगते. नुकसानभरपाई अनुच्छेद २२६ खाली मागता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत.

पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या लोकांना वेगळी अडचण असते का?

असते, आणि ती ऐतिहासिक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पालावर जाऊन माणसे उचलण्याची सवय गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींना ‘सराईत गुन्हेगार’ समजणाऱ्या तुरुंग नियमांवरही बोट ठेवले. वकिलाने अशा प्रकरणांत जन्मनोंद, शाळेचा दाखला आणि वय यांची चौकशी आवर्जून करावी. पुण्यातील १९९४ च्या एका खुनाच्या खटल्यात फाशी झालेला आरोपी घटनेच्या वेळी केवळ बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयात सिद्ध व्हायला मार्च २०२३ उजाडले. तोवर तो अठ्ठावीस वर्षे तुरुंगात होता.

हे वकील पीडितांच्या बाजूने कधी उभे राहतात का?

अनेकदा राहतात. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यातील फिर्यादी, पोलीस अत्याचाराची बळी ठरलेली स्त्री किंवा कोठडीत मुलगा गमावलेली आई हे त्यांचेच अशील असतात. पीडिताचा वकील कलम १८(८) प्रमाणे सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो. पीडितालाही तीच कसोटी लागू होते : स्वच्छ तपास आणि टिकणारा पुरावा.

वकिलाला सांगितलेले गुप्त राहते का?

राहते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार अशिलाच्या संमतीशिवाय वकिलाला ते उघड करता येत नाही आणि वकीलपत्र संपल्यावरही हे बंधन टिकते. बेकायदा हेतूने झालेले संभाषण आणि वकिली सुरू झाल्यानंतर घडलेला गुन्हा यांना हे संरक्षण नाही. म्हणून वकिलाला सारे खरे सांगावे. अर्धवट सत्य ऐकून उभा राहिलेला वकील उलटतपासात अशिलालाच अडचणीत आणतो.

फी परवडत नसेल तर?

कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुका समिती किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. अनेक जिल्ह्यांत आता आरोपींचा मोफत बचाव करणारे, पूर्णवेळ चालणारे लोक अभिरक्षक कार्यालय आहे. खासगी वकील केल्यास फीची पावती घ्यावी. ‘सुटका झाली तर इतके’ अशी निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे नियमबाह्य आहे, आणि निकालाची हमी देणाऱ्या वकिलाकडे जाऊ नये.

या कामात वकिलाला धोका असतो का?

असतो. मुंबईचे शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. ते फहीम अन्सारी यांचे वकील होते. त्याच वर्षी मे महिन्यात विशेष न्यायालयाने अन्सारी यांना २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या आरोपातून मुक्त केले. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, जे इतरांचे असे खटले लढवत, ते स्वतः जून २०१८ मध्ये यूएपीएखाली अटकेत गेले. वकिलालाच त्याच्या अशिलाविषयी चौकशीला बोलावण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मर्यादा घातल्या. ज्याचा वकील घाबरला, त्या आरोपीचा बचाव तेथेच संपतो, म्हणून हे संरक्षण वकिलांचे लाड नव्हेत.

निर्दोष सुटल्यावर भरपाई मिळते का?

चुकीच्या खटल्यासाठी भरपाई देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली, तीवर अद्याप कायदा झालेला नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल दंडाधिकारी देऊ शकतील अशी रक्कम संहितेत आजही एक हजार रुपयांपर्यंतच आहे. उच्च न्यायालयात याचिका किंवा दिवाणी दावा हे मार्ग उरतात आणि ते दीर्घ आहेत.

त्यापूर्वी सुटलेल्या व्यक्तीने निकालाच्या किमान तीन प्रमाणित प्रती नक्कल विभागातून काढून ठेवाव्यात, संबंधित पोलीस ठाण्यात आणि स्थानिक गुन्हे शाखेत लेखी अर्ज देऊन निकालाची नोंद करून घ्यावी, जप्त केलेला मोबाइल, वाहन आणि कागदपत्रे परत मागणारा अर्ज त्याच न्यायालयात द्यावा, आणि चारित्र्य पडताळणी किंवा पारपत्राच्या अर्जात खटल्याची माहिती न लपवता निकालाची प्रत जोडावी. सरकारने अपील केल्यास नोटीस जुन्याच पत्त्यावर येते. पत्ता बदलला असेल, तर तो वकिलाला आणि न्यायालयाला कळवून ठेवावा.